विश्लेषण : गुन्हा दुसऱ्याचा, तरी तुरुंग आपल्याला? मदत करणाऱ्याची जबाबदारी कायदा कशी ठरवतो

मित्राला दोन दिवसांसाठी दिलेले एटीएम कार्ड. भांडणाच्या ठिकाणी 'फक्त सोडायला' म्हणून नेलेली दुचाकी. फरार चुलतभावाला रात्रीपुरता दिलेला आसरा. 'आपण तर काहीच केले नाही' असे वाटणाऱ्या अनेकांचे नाव पोलिसांच्या कागदावर येते ते अशाच कारणांनी. प्रत्यक्ष चोरी, फसवणूक किंवा मारहाण दुसऱ्याने केलेली असते. तरीही आरोपपत्रात मुख्य आरोपीच्या खाली सहआरोपी म्हणून मदत करणाऱ्याचे नाव असते आणि काही वेळा दोघांना होऊ शकणारी शिक्षाही सारखीच असते.

सायबर फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी सामान्य माणसांची बँक खाती भाड्याने घेण्याचे प्रकार वाढल्यापासून हा प्रश्न महाविद्यालयीन तरुणांच्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. गुन्ह्यात मदत म्हणजे नेमके काय, नकळत झालेली मदत गुन्हा ठरते का, गप्प बसल्याबद्दलही शिक्षा होते का आणि न्यायालये या आरोपाची पारख कशी करतात, याचा हा आढावा.

कायद्याच्या भाषेत 'मदत' म्हणजे काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यांना न्याय संहिता लागते, आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेखालीच चालतात. गुन्ह्यास साहाय्य करण्याला कायद्यात 'अपप्रेरणा' असा शब्द आहे. जुन्या कायद्यातील कलम १०७ मधील तिची व्याख्या आता कलम ४५ मध्ये आहे. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला.

या कलमानुसार अपप्रेरणा तीन प्रकारे होते. पहिला प्रकार चिथावणीचा : एखाद्याला गुन्हा करायला उद्युक्त करणे. दुसरा कटाचा : इतरांशी संगनमत करणे आणि त्या संगनमतातून प्रत्यक्ष काही कृती घडणे. तिसरा प्रकार हेतुपुरस्सर साहाय्याचा. गुन्ह्याच्या आधी किंवा गुन्हा घडत असताना, तो सोपा व्हावा म्हणून केलेली आणि त्याला खरोखर हातभार लावणारी कोणतीही कृती या तिसऱ्या प्रकारात येते. घराची किल्ली देणे, मालक गावाला कधी जाणार हे कळवणे, गाडी पुरवणे, बनावट कागद तयार करून देणे ही त्याची सोपी उदाहरणे.

चिथावणीसाठी 'जा आणि मार' असे स्पष्ट शब्द लागतातच असे नाही. जी माहिती सांगणे बंधनकारक आहे ती मुद्दाम दडवणे किंवा खोटे सांगणे, हीसुद्धा चिथावणी ठरू शकते. कायद्यातच त्याचे उदाहरण दिले आहे. एका अधिकाऱ्याकडे एका माणसाचे अटक वॉरंट आहे. 'तो माणूस हाच' असे कोणी जाणूनबुजून भलत्याकडे बोट दाखवून सांगतो आणि अधिकारी त्या निरपराध माणसाला पकडतो. येथे बोट दाखवणारा अपप्रेरक ठरतो.

नकळत मदत झाली तर?

या संपूर्ण विषयाची किल्ली 'हेतुपुरस्सर' या एका शब्दात आहे. सर्वोच्च न्यायालयाने श्री राम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. एखाद्याने कोणाला सहज किंवा मैत्रीखातर बोलावले आणि त्यामुळे मारेकऱ्यांचे काम सोपे झाले, एवढ्यावरून बोलावणारा खुनाचा साथीदार ठरत नाही. खून सोपा व्हावा याच हेतूने त्याने बोलावले होते, हे सिद्ध व्हावे लागते. कृतीमुळे गुन्ह्याला मदत 'झाली' एवढे पुरत नाही, मदत 'करायची होती' हे दिसले पाहिजे, असा या निकालाचा अर्थ.

म्हणूनच चोरट्याला स्टेशनपर्यंत सोडणारा रिक्षाचालक किंवा खुनात वापरलेला सुरा विकणारा दुकानदार आपोआप आरोपी होत नाही. पण गिऱ्हाईक 'आज अमक्याला संपवतोच' असे सांगत असताना दुकानदाराने त्याच्या हाती सुरा दिला, तर त्याला आधीपासून काय ठाऊक होते, याची चौकशी होणारच.

'मला माहीत नव्हते' हा बचाव आणि 'मी माहीत करूनच घेतले नाही' हा बचाव यांत मात्र फरक आहे. काही गुन्ह्यांत कायदा प्रत्यक्ष माहितीची वाट पाहत नाही, 'तसे मानण्यास पुरेसे कारण' असले तरी त्याला चालते. चोरीचा माल घेणे हा त्यातलाच गुन्हा. नवा कोरा महागडा फोन बिल आणि खोक्याशिवाय चतकोर किमतीला मिळत असेल, तर शंका यायला हवी होती, असे न्यायालय म्हणू शकते.

नुसते उभे राहणाऱ्यालाही शिक्षा होते का?

होऊ शकते. १९२३ मध्ये कोलकात्यातील शंकरीटोला टपाल कार्यालयात काही सशस्त्र माणसे शिरली, पैसे मागितले आणि गोळीबारात पोस्टमास्तरचा मृत्यू झाला. पळताना पकडलेल्या बारेंद्रकुमार घोष याचा बचाव असा होता की, तो बाहेर अंगणात उभा होता आणि त्याने गोळी झाडली नाही. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि खुनाचा दोष कायम राहिला. अनेकांनी एकाच इराद्याने गुन्हा केला असेल तर बाहेर पहारा देणाराही त्या गुन्ह्यात आपला वाटा उचलत असतो, हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

जुन्या कायद्यात कलम ३४ म्हणून ओळखली जाणारी ही 'समान इराद्या'ची तरतूद आता न्याय संहितेच्या कलम ३ च्या पाचव्या उपकलमात आहे. अपप्रेरणा आणि समान इरादा यांत फरक आहे. अपप्रेरक दूर बसून फोनवरूनही मदत करू शकतो. समान इराद्यात सगळे मिळून गुन्हा करतात, प्रत्येकाची भूमिका तेवढी वेगळी असते. कोणी मारतो, कोणी धरून ठेवतो, कोणी दाराशी उभा राहतो.

पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव असेल तर कलम १९० लागू होते. जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी जमावातील प्रत्येकावर येते. गर्दीत केवळ बघ्या म्हणून थांबलेला माणूस आणि जमावाचा भाग असलेला माणूस यांतला फरक साक्षीपुराव्यातूनच ठरतो. हल्ली मोबाइलवरील व्हिडीओ हा त्यातला मोठा पुरावा असतो.

मदत करणाऱ्याला किती शिक्षा?

अपप्रेरणेमुळे गुन्हा घडला आणि त्या अपप्रेरणेसाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर कलम ४९ नुसार मूळ गुन्ह्याचीच शिक्षा लागू होते. खुनास हेतुपुरस्सर मदत करणाऱ्याला खुनाची, चोरीस मदत करणाऱ्याला चोरीची. अपप्रेरक गुन्ह्याच्या ठिकाणी हजर असेल तर त्यानेच तो गुन्हा केला, असे कलम ५४ नुसार मानले जाते.

गुन्हा घडलाच नाही, तरी सुटका होत नाही. कारावासाच्या गुन्ह्यासाठी चिथावणी दिली पण गुन्हा झाला नाही, तर त्या गुन्ह्याच्या कमाल कारावासाच्या एक चतुर्थांशापर्यंत शिक्षा होऊ शकते. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे आहेत, म्हणजे न घडलेल्या चोरीच्या चिथावणीला नऊ महिन्यांपर्यंत. गुन्हा रोखणे हेच ज्याचे कर्तव्य तो लोकसेवकच यात सामील असेल, तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. खुनासारख्या, मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याची चिथावणी वाया गेली तरी सात वर्षांपर्यंत कारावास आहे आणि तिच्यातून कोणाला इजा झाली तर १४ वर्षांपर्यंत. चिथावणी देऊन नंतर मागे हटणाऱ्याला आपोआप मोकळे करणारी तरतूद अपप्रेरणेच्या कलमांत नाही.

मदत करणारा किंवा योजना आखणारा प्रत्यक्ष कृती करणाऱ्यापेक्षा अधिक दोषी ठरल्याचे मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये निकाल देताना बॉम्ब ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. कटाच्या आखणीतील सहभागाबद्दल याकूब मेमनची फाशी मात्र कायम ठेवली. तो आणि फरार सूत्रधार हे धनुर्धर आणि बाकीचे त्यांच्या हातातले बाण, अशा शब्दांत न्यायालयाने हा फरक मांडला. याच खटल्यात रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे उतरलेल्या स्फोटकांकडे व शस्त्रांकडे काणाडोळा करणारे कस्टम्स आणि पोलिस खात्यातील काही जणही दोषी ठरले. त्यांच्यापैकी कोणीही बॉम्ब ठेवला नव्हता.

सांगितले एक, घडले भलतेच?

कलम ५१ याचे उत्तर देते. प्रत्यक्ष घडलेला गुन्हा हा चिथावणीचा किंवा मदतीचा 'संभाव्य परिणाम' होता का, ही त्यातील कसोटी. समजा, एकाने दोघांना मध्यरात्री लुटीसाठी एका घरात पाठवले आणि हाती शस्त्रे दिली. घरमालकाने प्रतिकार केला आणि त्यात तो मारला गेला. शस्त्रे देऊन पाठवल्यावर खून होऊ शकतो हे उघड असल्याने, पाठवणाराही खुनाला जबाबदार ठरू शकतो.

उलट उदाहरणही कायद्यात आहे. एकाने दुसऱ्याला घर पेटवायला सांगितले. त्याने घर पेटवले आणि जाताना आतले सामानही चोरले. चोरी ही जाळपोळीचा संभाव्य परिणाम नाही, ते वेगळे कृत्य. त्यामुळे सांगणारा जाळपोळीस जबाबदार, चोरीस नाही.

लहान मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्यालाही पळवाट नाही. मूल वयामुळे शिक्षेस पात्र नसले तरी करवून घेणारा दोषी ठरतो. न्याय संहितेत कलम ९५ ही नवी तरतूद आली आहे. गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कारावास आणि दंड होतो. शिवाय तो गुन्हा घडला तर तो त्यानेच केला असे समजून त्याचीही शिक्षा होते.

गुन्हा झाल्यानंतर केलेली मदत?

गुन्हा पूर्ण झाल्यावर केलेली मदत सहसा अपप्रेरणेत बसत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र कलमे आहेत. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी आसरा देणे (कलम २४९), पुरावा नाहीसा करणे किंवा खोटी माहिती देणे (कलम २३८) आणि चोरीचा माल घेणे किंवा लपवायला मदत करणे (कलम ३१७) ही त्यांतली मुख्य.

आसरा देण्याच्या गुन्ह्यात कायद्याने एक सवलत ठेवली आहे. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला आसरा दिला तर तो या कलमाखाली गुन्हा नाही. आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मित्र यांना ही सवलत नाही. 'पोटच्या पोराला दाराबाहेर कसे काढणार' ही भावना समजण्याजोगी असली, तरी खून केलेल्या मुलाला जाणूनबुजून लपवणाऱ्या आई-वडिलांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दिल्लीतील जेसिका लाल खून खटला या बाबतीत लक्षात राहण्यासारखा आहे. एप्रिल १९९९ मधील या खुनात २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनू शर्मा याला जन्मठेप दिली. त्याच्या दोन साथीदारांना पुरावा नष्ट करण्याच्या कटाबद्दल प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा निकाल कायम ठेवला.

बँक खाते भाड्याने दिले तर?

आज सर्वाधिक सामान्य माणसे अडकण्याचा धोका येथे आहे. पद्धत साधारण अशी असते. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर 'घरबसल्या कमाई'ची जाहिरात येते किंवा ओळखीतलाच कोणी विचारतो : 'तुझे खाते पडूनच आहे, आम्हाला व्यवसायासाठी हवे, महिन्याला एवढे देऊ.' मग पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड असा संच ताब्यात घेतला जातो. 'डिजिटल अरेस्ट', बनावट शेअर ट्रेडिंग अॅप किंवा नोकरीच्या आमिषाने लुबाडलेले पैसे आधी याच खात्यात येतात. काही मिनिटांत ते पुढच्या अनेक खात्यांत फिरतात आणि एटीएममधून किंवा आभासी चलनात बाहेर पडतात. अशा खात्यांना पोलिस आणि बँका 'म्यूल खाती' म्हणतात.

फसवणूक करणारा परदेशात, खोट्या नावाने बसलेला असतो. खातेदाराचे नाव, आधार, पॅन, पत्ता आणि फोटो मात्र बँकेकडे असतो. त्यामुळे तपास सुरू झाला की पोलिस प्रथम त्याच्याच दारात पोहोचतात. खाते गोठवले जाते, दुसऱ्या राज्यातील पोलिसांची नोटीस येते आणि फसवणूक झालेल्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणच्या असतील तर गुन्हेही अनेक ठिकाणी दाखल होतात.

जाणूनबुजून खाते दिल्याचे दिसले तर एकापेक्षा अधिक कलमे लागू शकतात. फसवणुकीसाठी न्याय संहितेच्या कलम ३१८ च्या चौथ्या उपकलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच कायद्याचे कलम ८४ ब सांगते की, अशा गुन्ह्याच्या अपप्रेरणेला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. गुन्ह्यातील पैसा वैध भासवण्यास जाणीवपूर्वक मदत केली तर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. त्यात किमान शिक्षा तीन वर्षे आहे.

आणखी एक बदल फारसा चर्चेत आला नाही. जुन्या दंड संहितेत 'चोरीच्या मालमत्ते'च्या व्याख्येत फसवणुकीने मिळवलेल्या मालमत्तेचा नावानिशी उल्लेख नव्हता. न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तो आला आहे. म्हणजे फसवणुकीतून आलेली मालमत्ता, ती तशी आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास पुरेसे कारण असताना अप्रामाणिकपणे ठेवून घेणे, हादेखील स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

संघटित गुन्हेगारीची टोळी असेल तर धार आणखी वाढते. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्ह्यांचाही समावेश आहे आणि टोळीला जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्याला किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून लागू असलेल्या 'मकोका'मध्येही अशा साहाय्याला किमान पाच वर्षे ते जन्मठेप आहे. टोळी परदेशातून चालत असली तरी फरक पडत नाही. परदेशात बसून भारतातील गुन्ह्यास अपप्रेरणा देणाऱ्यासाठी कलम ४८ नव्याने आले आहे.

खातेदाराला काही ठाऊक होते की नाही, हे तपासात कसे ठरते? मोबदला घेतला का, सिमकार्ड आणि पासवर्डही दिले का, उत्पन्नाच्या मानाने व्यवहार किती मोठे होते, एकाच माणसाने किती बँकांत खाती उघडली, गप्पांचे संदेश काय सांगतात आणि संशय आल्यावर बँकेला किंवा पोलिसांना कळवले का, या बाबी पाहिल्या जातात. संशयास्पद खाती हेरण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालीही तयार केली आहे.

काहीच न करणे हाही गुन्हा?

एरवी नाही. शेजारच्या घरी काय चालले आहे हे पोलिसांना न कळवणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरत नाही. पण जेथे कायद्याने कर्तव्य सांगितले आहे तेथे स्वस्थ बसणेही अंगाशी येते. खून, दरोडा अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची किंवा त्यांच्या बेताची माहिती पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्यांना देणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे, वाजवी सबब असेल तरच सूट मिळते. अशा अतिगंभीर गुन्ह्याचा बेत, तो सोपा व्हावा म्हणून दडवून ठेवणे हा कलम ५८ खाली वेगळा गुन्हा आहे.

काही विशेष कायदे याहून पुढे जातात. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणाऱ्याला पोक्सो कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्याचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रार येऊनही कारवाई न करणाऱ्या संस्थाप्रमुखाने रॅगिंगला अपप्रेरणा दिली, असे मानले जाते.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणारे पालकही यातून सुटत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार मुलाकडून त्या कायद्याखालील गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. गाडी आपल्या नकळत नेली किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच असतो.

बालविवाहाच्या बाबतीत तर मांडवातले अनेक जण कक्षेत येतात. २००६ च्या कायद्यानुसार विवाह लावणारा, तो घडवून आणणारा आणि त्यास अपप्रेरणा देणारा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. विवाहाला प्रोत्साहन किंवा परवानगी देणाऱ्या आई-वडील व इतर जबाबदार व्यक्तींसाठी असलेल्या कलमात विवाहाला हजर राहण्याचाही उल्लेख आहे.

रागाच्या भरात बोललेला शब्द चिथावणी ठरतो का?

आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या प्रकरणांत हा प्रश्न वारंवार येतो. न्याय संहितेच्या कलम १०८ नुसार याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात म्हटले की, परिणामाचा हेतू न ठेवता राग किंवा भावनेच्या भरात उच्चारलेला शब्द चिथावणी ठरत नाही. २००२ मधील संजू सेंगर प्रकरणातही भांडणाच्या ओघातील शब्द पुरेसे मानले गेले नाहीत.

याचा अर्थ छळाला मोकळीक आहे असा नाही. सततचा छळ, धमक्या आणि दुसरा मार्गच न उरण्याजोगी परिस्थिती मुद्दाम निर्माण केल्याचे दिसले तर हे कलम लागू होते. विवाहानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि सासरी छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर प्रवृत्त केल्याचे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला आहे. अपप्रेरणा सिद्ध झाली नाही तरी छळाचा वेगळा गुन्हा सिद्ध होऊ शकतो.

न्यायालयात हा आरोप टिकतो का?

मदतीचा आरोप ठेवणे सोपे आणि सिद्ध करणे अवघड असते, कारण मनातला हेतू कागदावर नसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या हत्येचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. कटाचा सूत्रधार असल्याचा, रेकीस मदत केल्याचा आणि शस्त्रे नष्ट करण्याचा सल्ला दिल्याचा आरोप असलेल्या उर्वरित तिघांची मात्र पुराव्याअभावी मुक्तता केली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांना नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीय विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही टप्प्यांवर निर्दोष ठरले. कसाबची फाशी कायम ठेवणाऱ्या ऑगस्ट २०१२ च्या निकालातच त्यांची मुक्तताही कायम झाली. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे अशा निकालांतून अधोरेखित होते.

साथीदारांपैकीच एखादा 'माफीचा साक्षीदार' होतो, तेव्हा चित्र बदलते. सर्व सत्य सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देते. २६/११ पूर्वी मुंबईत टेहळणी केलेला डेव्हिड हेडली डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयात असाच माफीचा साक्षीदार झाला. तोवर अमेरिकेत त्याला ३५ वर्षांची शिक्षा झालेली होती. अशा साक्षीला इतर पुराव्याची जोड हवी, हे तत्त्व नव्या साक्ष अधिनियमात स्पष्टपणे आले आहे.

कोणी अडकलेच, तर काय करावे?

खात्यात अनोळखी मोठी रक्कम आली तर ती खर्च करू नये. फोन करणारा सांगेल त्या खात्यावर परस्पर पाठवूही नये. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. खाते किंवा सिमकार्ड आधीच कोणाला दिले असेल तर ते तातडीने बंद करावे आणि सायबर पोलिसांकडे स्वतःहून जावे. संदेश, कॉलच्या नोंदी किंवा व्यवहार पुसून टाकू नयेत. बचावाचा आधार त्यांतच असू शकतो आणि पुसून टाकले तर पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप येतो. फसवणूक झालेल्यांनी १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार करावी. पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अनेक गुन्ह्यांत पोलिस थेट अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास अटकेची वेळ येते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही आणि अटक झाल्यास वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर निकषांत बसणाऱ्यांना मोफत कायदेविषयक मदत मिळते.

मदत मागणारा ओळखीचा असला, तरी तो आपले नाव, खाते, गाडी, घर किंवा सही 'थोड्या वेळासाठी' मागत असेल तर ती कशासाठी हवी, हे विचारणे गैर नाही. पुढे खटला उभा राहिला तर न्यायालयही नेमके हेच विचारते : हे कशासाठी चालले आहे, ते देणाऱ्याला ठाऊक होते का?